वेब सेवेची घटक-चाचणी : खिडकी, नियम आणि दप्तर

जन्माच्या दाखल्यासाठी पूर्वी नागरिकास ग्रामपंचायतीच्या अथवा नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन खिडकीपाशी उभे राहावे लागे. आज अनेक ठिकाणी हा अर्ज गावातील सेवा केंद्रातून किंवा घरच्या मोबाइलवरून करता येतो. सोय झाली यात शंका नाही; परंतु एक फरक सहसा लक्षात घेतला जात नाही. खिडकीमागील कारकून चुकला, तर त्यास तेथल्या तेथे हटकता येते, “नोंदवही पुन्हा एकदा उघडून पाहा” असे सांगता येते. संगणकीय खिडकीमागे कोणीही बसलेले नसते. तिने “नोंद आढळली नाही” असे उत्तर दिले, की ते खरे धरूनच आईबाप पुढच्या खटपटीस लागतात. म्हणून अशी खिडकी लोकांसाठी खुली करण्यापूर्वीच तिला शेकडो प्रश्न विचारून पाहणे अगत्याचे ठरते. या विचारपुशीची पहिली पायरी म्हणजे घटक-चाचणी. संगणकाच्या व्यवसायात तिला ‘युनिट टेस्ट’ म्हणतात.

हे काम केवळ आज्ञावली लिहिणाऱ्या तंत्रज्ञाचे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. चाचणी लिहितो तंत्रज्ञ. परंतु कोणत्या प्रश्नास कोणते उत्तर यावे हे ज्यास ठाऊक असते तो नोंदणी खात्यातील अनुभवी कर्मचारी होय. पुढील विवेचन त्या दोघांना, तसेच हा विषय विद्यार्थ्यांस समजावून देऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडावे अशा बेताने केले आहे.

रेस्ट पद्धतीची वेब सेवा

एका संगणकाने दुसऱ्या संगणकास ठराविक नमुन्यात विनंती पाठवावी आणि त्याने ठराविक नमुन्यात उत्तर द्यावे, या व्यवस्थेस वेब सेवा म्हणतात. मोबाइलवरील अर्जाचा पडदा हा विनंती करणारा. दूरच्या सर्व्हरवर चालणारी आज्ञावली ही उत्तर देणारी. ज्या जागतिक जाळ्यावरून हा पत्रव्यवहार चालतो, त्याचा पहिला प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत मांडला. या जाळ्याच्या व्यवहाराचे नियम ठरविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला, त्यात ‘रेस्ट’ या रचनापद्धतीचे विवेचन आहे.

त्या पद्धतीचे सार कचेरीच्या भाषेत सांगता येते. दप्तरातील प्रत्येक वस्तूस स्वतःचा पत्ता असावा. त्या पत्त्यावर करावयाच्या क्रिया मोजक्या असाव्यात : पाहणे म्हणजे ‘गेट’, नवीन दाखल करणे म्हणजे ‘पोस्ट’, आहे त्याच्या जागी दुसरे ठेवणे म्हणजे ‘पुट’ आणि काढून टाकणे म्हणजे ‘डिलीट’. प्रत्येक विनंतीत तिच्या निर्णयास लागणारी सर्व माहिती असावी. “मघाशी सांगितले होते ना” असे म्हणण्याची पाळी येऊ नये. आणि प्रत्येक उत्तरासोबत निकालाचा एक तीन आकडी क्रमांक जावा. हे क्रमांक साऱ्या जगात एकच आहेत. २०० म्हणजे काम झाले, २०१ म्हणजे नवीन नोंद निर्माण झाली, ४०० म्हणजे विनंतीच सदोष, ४०३ म्हणजे अधिकार नाही, ४०४ म्हणजे अशी वस्तू येथे नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या आत बिघाड, ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. चारने सुरू होणारा क्रमांक विनंतीकडे बोट दाखवितो, पाचने सुरू होणारा कचेरीकडे. या साध्या भेदाचे महत्त्व किती, ते पुढे दिसेल.

चाचणीपूर्वी विभागणी

समजा, जन्मनोंदणीची एक वेब सेवा तयार करावयाची आहे. तिच्या आज्ञावलीचे तीन भाग पाडता येतात. पहिला खिडकी : आलेली विनंती वाचणे व उत्तराचा कागद बाहेर देणे, एवढेच तिचे काम. दुसरा नियम : अर्ज मुदतीत आहे काय, शुल्क लागते काय, कोणाची परवानगी हवी, हे ठरविणारा. तिसरा दप्तर, म्हणजे डेटाबेस : नोंदी ठेवणे व शोधून देणे.

पुष्कळ आज्ञावल्यांत हे तिन्ही भाग एकमेकांत गुंतलेले असतात. खिडकीच्या आतच नियम लिहिलेला असतो आणि त्याच ओळीत दप्तराचे कुलूप उघडलेले असते. अशा आज्ञावलीची घटक-चाचणी करता येत नाही, कारण तिला घटकच नसतात. एका साध्या नियमाची परीक्षा घ्यावयाची तरी सर्व्हर चालू हवा, जाळे चालू हवे, डेटाबेस भरलेला हवा. मग ती परीक्षा महिन्यातून एकदा, तीही घाईत होते. “आमच्या आज्ञावलीची चाचणी घेणे फार अवघड आहे,” असे जेव्हा पुरवठादार सांगतो, तेव्हा तो बहुधा चाचणीची नव्हे, आज्ञावलीच्या रचनेची तक्रार करीत असतो.

भाग सुटे असले म्हणजे चाचणी म्हणजे एक लहानसे लेखी टिपण होऊन बसते. त्याचे अंग तीन : तयारी, कृती आणि अपेक्षा. संगणक अशी शेकडो टिपणे काही सेकंदांत तपासतो, आणि ज्या टिपणातील अपेक्षा पुरी झाली नाही, त्याचे नाव सांगतो. हे काम यंत्राकडून करवून घेण्याची साधने प्रत्येक संगणकीय भाषेत आहेत. जावा भाषेसाठीचे ‘जेयुनिट’ हे साधन केंट बेक व एरिक गॅमा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटास जाणाऱ्या विमानात बसल्या बसल्या लिहावयास घेतले, ही हकीकत त्या व्यवसायात प्रसिद्ध आहे. पायथन भाषेत ‘पायटेस्ट’ हे साधन बरेच वापरले जाते. साधन कोणतेही असो, टिपण तेच.

नियमाची चाचणी

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी असा त्याखालील दंडक आहे. त्यानंतर परंतु ३० दिवसांच्या आत आल्यास विलंब शुल्क घेऊन नोंद होते; ३० दिवसांनंतर परंतु एक वर्षाच्या आत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते; आणि वर्ष उलटून गेले, की दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने या नोंदीचे वजन आणखी वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी इत्यादी कामी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरावयाचा आहे. तेव्हा या चार वर्गांपैकी अर्ज कोणत्या वर्गात पडतो, हे ठरविणारा आज्ञावलीतील चार-सहा ओळींचा भाग किती जपून तपासावा लागेल, हे सांगावयास नको.

नवखा चाचणीकार दहाव्या दिवसाचा अर्ज घालून पाहतो, उत्तर “मुदतीत” असे येते आणि तो समाधान पावतो. दहाव्या दिवशी कोणतीही आज्ञावली चुकत नाही. चूक राहते ती बांधावर. म्हणून पहिली टिपणे पुढीलप्रमाणे हवीत.

चाचणी : एकविसावा दिवस मुदतीतच धरावा
तयारी : जन्म १ मार्च २०२३, खबर २२ मार्च २०२३
कृती : विलंबाचा वर्ग ठरवा
अपेक्षा : मुदतीत

चाचणी : बाविसाव्या दिवशी विलंब शुल्क लागावे
तयारी : जन्म १ मार्च २०२३, खबर २३ मार्च २०२३
कृती : विलंबाचा वर्ग ठरवा
अपेक्षा : विलंब शुल्क

तिसाव्या व एकतिसाव्या दिवसाची जोडी अशीच लिहावयाची : ३१ मार्चला शुल्क, १ एप्रिलला परवानगी.

ही टिपणे लिहितानाच एक प्रश्न उभा राहतो. जन्माचा दिवस मोजावयाचा की सोडावयाचा? वरील टिपणांत तो सोडलेला आहे. एखादा आज्ञावलीकार तो सहज मोजून मोकळा होईल आणि बाविसावी तारीख गाठून आलेल्या बापाकडून शुल्क वसूल होईल. कायद्यात “पासून” हा शब्द असता पहिला दिवस वगळावा, असे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे ९ वे कलम सांगते. परंतु हे कलम आज्ञावलीकारास कोठून ठाऊक असणार? त्याने ते विचारावे, आणि विचारण्यास त्यास भाग पडावे, ही खरी गरज आहे. अपेक्षेची ओळ कोरी ठेवून चालत नाही, म्हणून चाचणी त्यास कचेरीच्या दाराशी आणून उभी करते. आज्ञावलीचा नियम वाचून तो बरोबर आहे की नाही, हे सांगणे पंचायत सचिवास कठीण जाईल. वरील चार ओळी वाचून मात्र तो क्षणात होय किंवा नाही म्हणू शकेल. घटक-चाचणीचा हा गुण तिच्या तांत्रिक गुणांहून मोठा मानला पाहिजे.

वर्षाच्या सीमेवर तर खास लक्ष हवे. पुष्कळ आज्ञावलीकार वर्ष म्हणजे ३६५ दिवस असे लिहून टाकतात. १ मार्च २०२३ रोजी जन्मलेल्या मुलाची खबर १ मार्च २०२४ रोजी आली, तर ती वर्षाच्या आतली होय. परंतु मध्ये २९ फेब्रुवारी २०२४ येऊन गेल्याने दिवस मात्र ३६६ भरतात. ३६५ चा नियम त्या कुटुंबास दंडाधिकाऱ्याकडे धाडील. चूक एका दिवसाची, आणि तीही लीप वर्षासच प्रकट होणारी. पण ज्याच्या वाट्यास येईल त्यास वकील, प्रतिज्ञापत्र आणि मोडलेला रोज यांत ती मोजावी लागेल.

येथे आणखी एक काळजी घ्यावयाची. नियमाच्या आत “आजची तारीख” संगणकाच्या घड्याळावरून घेऊ नये. ती बाहेरून द्यावी. नाही तर आज उत्तीर्ण झालेली चाचणी उद्या नापास होईल, आणि २९ फेब्रुवारीची परीक्षा घेण्यासाठी चार वर्षे थांबावे लागेल.

तोतया दप्तर

नियमास दप्तराची गरज नसते. तो नुसत्या तारखांवर चालतो. खिडकीची चाचणी घेताना मात्र पलीकडे कोणीतरी दप्तर उघडणारे हवे. खरे दप्तर जोडले, तर चाचणी मंदावते, आणि एखाद्या चुकीच्या आज्ञेने खऱ्या माणसाची नोंद पुसली जाण्याचे भय राहते. म्हणून तेथे तोतया दप्तर बसवितात. ते बाहेरून हुबेहूब खऱ्यासारखे प्रश्न स्वीकारते. आत मात्र दोन-चार काल्पनिक नोंदी असतात, आणि “आज तू बिघडल्याचे सोंग घे” असेही त्यास सांगता येते. यातील नावे, पत्ते काल्पनिकच असावेत. खऱ्या नागरिकांची यादी चाचणीसाठी पुरवठादाराच्या हाती देण्याचा प्रघात कोठे असेल, तर तो ताबडतोब बंद झाला पाहिजे.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया निघाला, त्याने खूण पटविण्यापुरत्या गोष्टी पाठ केल्या होत्या म्हणून काही काळ लोक फसले. तोतया दप्तराचा धोका तोच. खरे दप्तर जेथे रिकामे उत्तर देते, तेथे तोतयाने चूक म्हणून ओरडावे असे लिहून ठेवले, तर सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतील आणि खरी खिडकी पहिल्याच दिवशी कोसळेल. म्हणून तोतया आणि खरे दप्तर यांना अधूनमधून तेच प्रश्न विचारून दोघांची उत्तरे ताडून पाहावी लागतात.

“नाही” आणि “आत्ता सांगता येत नाही”

तोतया दप्तराचा सर्वांत मोठा उपयोग बिघाडाचे सोंग घेण्यात आहे. नोंद सापडली, उत्तर २०० आले, ही चाचणी सर्वजण लिहितात. नोंद नसता ४०४ यावा, हीही बहुतेक लिहितात. परंतु दप्तरच बंद पडले असता काय व्हावे, ही चाचणी अनेक ठिकाणी लिहिलेलीच नसते. परिणाम असा होतो, की आज्ञावली दप्तराचा बिघाड गिळून टाकते, हाती काहीच आले नाही म्हणून नोंद नाही असे समजते आणि ४०४ देऊन मोकळी होते.

चाचणी : दप्तर बंद असता “नोंद नाही” असे सांगू नये
तयारी : तोतया दप्तर बिघडलेले, विनंती १९८४ सालच्या ११७ क्रमांकाच्या नोंदीची
कृती : खिडकीकडे ‘गेट’ विनंती पाठवा
अपेक्षा : उत्तर ५०३; मजकूर “सेवा तूर्त बंद आहे, नंतर पुन्हा पाहावे”

“नोंद नाही” असे उत्तर मिळालेला साठीतला शेतकरी आपला जन्म कधी नोंदलाच गेला नाही असे समजून विलंबित नोंदणीच्या वाटेस लागतो. वास्तविक त्याची नोंद जागच्या जागी असते. दुपारी दोन ते तीन या वेळात सर्व्हर बंद होता, इतकेच. एका क्रमांकाच्या फरकाने एवढे घडते. याच्याच जोडीला दुसरा दोष आढळतो, तो म्हणजे सर्व प्रसंगी २०० हा क्रमांक द्यावयाचा आणि चूक झाल्याचे मजकुरात कोठेतरी लिहावयाचे. मजकूर माणूस वाचतो, क्रमांक यंत्र वाचते. सेवा केंद्राचा संगणक २०० पाहून काम झाल्याची पावती छापून देईल. म्हणून अपेक्षेत क्रमांक व मजकूर दोन्ही तपासले पाहिजेत.

‘पोस्ट’ विनंतीची कथा निराळी. ‘गेट’ कितीही वेळा केली तरी दप्तरात काही बदलू नये, आणि ‘पुट’ अथवा ‘डिलीट’ दोनदा झाली तरी शेवटी स्थिती तीच राहावी, असा या जाळ्याचा नियम आहे. ‘पोस्ट’ला तसे संरक्षण नाही. घाटातल्या गावी जाळे मंद असते. अर्जदार बटण दाबतो, पडदा फिरत राहतो, तो पुन्हा दाबतो. पहिली विनंती पोहोचलेली असते, फक्त उत्तर परत आलेले नसते. दोन अर्ज, दोन शुल्के. यावर उपाय म्हणजे अर्ज भरावयास घेतानाच त्यास एक अनन्य विनंतीक्रमांक देणे आणि तोच क्रमांक पुन्हा आला, तर नवीन अर्ज न करता जुन्याच अर्जाचा क्रमांक परत देणे. चाचणीत एकच विनंती लागोपाठ दोनदा पाठवावी आणि नंतर तोतया दप्तरात मोजून पाहावे : अर्ज एक, शुल्क एक, दोन्ही उत्तरांत अर्जक्रमांक तोच.

मराठी मजकुराच्या अडचणी

परभाषेत लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांतून जी उदाहरणे मिळतात, ती आपल्या भाषेच्या अडचणी दाखवीत नाहीत. त्या येथील चाचणीकारानेच शोधावयाच्या आहेत.

पहिली अडचण तिरप्या रेघेची. नोंदणी क्रमांक लिहिण्याची कचेरीची रीत ११७/१९८४ अशी असते. वेबच्या पत्त्यात मात्र तिरपी रेघ हा दोन पायऱ्यांमधील विभाजक असतो. क्रमांक जसाच्या तसा पत्त्यात घातला, की सेवा ११७ या नोंदीखालील १९८४ नावाची वस्तू शोधू लागते आणि ४०४ देते. रेघेस सांकेतिक रूप देऊन पाठविण्याची सोय आहे, पण अनेक सर्व्हर ते रूपही सुरक्षिततेसाठी नाकारतात. वर्ष आणि क्रमांक हे पत्त्याचे दोन वेगळे भाग करणे हाच सरळ मार्ग होय. चाचणीत मात्र रेघेसह आलेला क्रमांकही घालून पाहावा, आणि त्याचे उत्तर निदान समजण्याजोगे यावे अशी अपेक्षा लिहावी.

दुसरी अंकांची. मराठी कळफलकावरून “११७” टंकिले, तर पायथन व जावा या भाषा तो आकडा बिनतक्रार समजतात. वेबच्या पानात चालणारी जावास्क्रिप्ट भाषा मात्र देवनागरी अंकांना आकडा मानीत नाही. तेव्हा सर्व्हरवरील चाचणी उत्तीर्ण होईल आणि मोबाइलचा पडदा तोच क्रमांक “अवैध” म्हणून परतवील. दोन्ही ठिकाणी देवनागरी अंकांची चाचणी स्वतंत्रपणे हवी.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. कऱ्हाड या नावातील अर्धा ‘ऱ’ संगणकात तीन रीतींनी साठविलेला असू शकतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, ‘र’ला खाली नुक्ता जोडून, किंवा ‘र’ व हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. संगणकाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिल्या दोन रूपांचे एकरूप होते, तिसऱ्याचे होत नाही. त्यासाठी आज्ञावलीत निराळी सोय करावी लागते. ‘कऱ्हाडकर’ आडनावाची एक काल्पनिक नोंद तोतया दप्तरात ठेवून तिन्ही रूपांनी शोध घेणारी चाचणी लिहिली, की हा दोष त्वरित उघडकीस येतो. गोऱ्हे, वऱ्हाडे, तऱ्हाळकर या सर्वांचा प्रश्न त्यात सुटतो.

आणि चौथी तारखेची. जन्मतारीख ही तारीख होय, क्षण नव्हे. परंतु पुष्कळ आज्ञावल्या ती त्या दिवसाच्या मध्यरात्रीचा क्षण म्हणून साठवितात. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १ जूनची आपली मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेने ३१ मेच्या सायंकाळचे साडेसहा. उत्तराच्या कागदावर वेळ गाळून नुसती तारीख छापली, की मूल एक दिवस आधी जन्मलेले ठरते. शाळाप्रवेशाच्या वयाची सीमा जेथे १ जूनला पडते, तेथे याचा अर्थ काय, हे मुख्याध्यापकांना सांगावयास नको. गंमत अशी, की चाचणीचे यंत्र जागतिक वेळेवर लावलेले असेल, तर तेथे दोन्ही मध्यरात्री एकच असल्याने ही चूक दिसत नाही. चाचणीच्या तयारीतच भारतीय वेळ लावून घेणे म्हणून आवश्यक आहे.

चाचणीने काय होत नाही

घटक-चाचणीवर सर्व भिस्त ठेवणेही बरे नव्हे. भाग सुटे सुटे निर्दोष असून त्यांचा सांधा सदोष असू शकतो. अमेरिकेचे मंगळाकडे पाठविलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. त्याच्या चौकशीत आढळले, की जमिनीवरील एक आज्ञावली यानास मिळणाऱ्या धक्क्याचे माप पौंडांत देत होती आणि ते घेणारी दुसरी आज्ञावली ते न्यूटनांत आहे असे समजत होती. असे दोष पकडण्यास सर्व भाग खरोखर जोडून घेतलेल्या चाचण्याच लागतात. त्या मंद व खर्चिक असल्याने थोड्या असाव्यात, घटक-चाचण्या पुष्कळ असाव्यात, असे प्रमाण साधारणतः पाळले जाते.

आज्ञावलीच्या किती टक्के ओळी चाचणीखाली आल्या, हा आकडा पुरवठादार मोठ्या अभिमानाने अहवालात देतात. त्यावर फार विसंबू नये. अपेक्षेची ओळ नसलेली चाचणीही आज्ञावलीच्या सर्व ओळी चालवून दाखविते आणि टक्केवारी शंभर भरते. स्वीकृतीच्या वेळी अधिकाऱ्याने याहून साधी परीक्षा घ्यावी. नियमातील २१ चे २० करावयास सांगावे आणि चाचण्या पुन्हा चालवावयास लावाव्यात. एखादी तरी चाचणी नापास झाली, तर ती जागी आहे. सर्व उत्तीर्ण झाल्या, तर त्या मुदतीच्या नियमावर पहारा देत नव्हत्या, हे उघड झाले. तसेच पाच महिन्यांनी आज्ञावलीत दुरुस्ती होईल तेव्हा त्याच चाचण्या पुन्हा हाती असाव्यात, म्हणून आज्ञावलीबरोबर त्यांचीही प्रत खात्याने मागून घ्यावी.

वर्गातील प्रयोग

संगणक नसलेल्या शाळेतही हा पाठ देता येतो. इयत्ता नववीतील तीन विद्यार्थी निवडावेत. एक खिडकी, एक नियम, एक तोतया दप्तर. दप्तराजवळ चार काल्पनिक नोंदींचे कागद द्यावेत. उरलेल्या वर्गाने चिठ्ठ्यांवर विनंत्या लिहून आणाव्यात, आणि प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर, खिडकीस न दाखविता, अपेक्षित उत्तर लिहून ठेवावे. आलेले उत्तर पाठीवरील उत्तराशी ताडावे. काही वेळाने दप्तरास डोळे मिटून बसावयास सांगावे. खिडकीचा विद्यार्थी या वेळी “नोंद नाही” म्हणतो की “आत्ता पाहता येत नाही” म्हणतो, याकडे वर्गाचे लक्ष वेधावे. मुले लवकरच वाकड्या चिठ्ठ्या लिहू लागतात : ३१ फेब्रुवारीचा जन्म, उद्याची तारीख, नावाच्या जागी काहीच नाही. त्यांस आवरू नये. चाचणीकाराची दृष्टी ती हीच, आणि अशा विनंत्यांस ४०० हा क्रमांक देऊन नेमके काय चुकले ते सांगावे, एवढे मात्र खिडकीच्या विद्यार्थ्यास शिकवावे.

सेवा सुरू झाल्यानंतर गावातून तक्रार येते, तेव्हाही काम याच मार्गाने व्हावयास हवे. आज्ञावलीकाराने प्रथम दुरुस्ती करू नये. प्रथम ती तक्रार जशीच्या तशी घडवून आणणारी चाचणी लिहावी, ती नापास होते हे डोळ्यांनी पाहावे, मगच आज्ञावलीस हात लावावा आणि चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत तो काढू नये. चाचणीच्या नावात तक्रारीचा क्रमांक घालावा, तक्रारदाराचे नाव मात्र घालू नये. पंचायत सचिवाने महिनाअखेर त्या महिन्याच्या तक्रारींची यादी या चाचण्यांच्या नावांशी ताडून पाहावी. ज्या क्रमांकापुढे चाचणी नसेल, ती तक्रार निकाली निघाली असे वहीत लिहू नये.